व्यवसायविक्रीचे वाद आणि कागदपत्रे दडविण्याची किंमत

चालता व्यवसाय विकत घेणाऱ्यास दुकान दिसते, यंत्रे दिसतात, गोदामातील माल दिसतो. परंतु तो ज्यासाठी किंमत मोजतो ते बहुतांशी कागदावर असते. येणी किती, देणी किती, कोणते ग्राहक टिकून आहेत, कोणता कर थकला आहे, हे सारे विक्रेत्याच्या वह्यांत, बँकेच्या उताऱ्यांत आणि आता संगणकात असते. म्हणूनच असा व्यवहार फिसकटून न्यायालयात गेला की, खरा झगडा बहुधा या कागदांवरून सुरू होतो. कागद एका पक्षाच्या कपाटात असतात आणि त्यांची गरज दुसऱ्या पक्षाला असते. हे कपाट उघडण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. तो आदेश न पाळणाऱ्याला कोणते परिणाम भोगावे लागतात, हे मात्र अनेक व्यापाऱ्यांना दावा हातचा जाईपर्यंत उमगत नाही.

सांगलीची हळदपेठ, तासगावचा बेदाणा, सातारा व कऱ्हाड परिसरातील कारखानदारी अशा व्यवहारांसाठी अनुकूल भूमी आहे. येथील अनेक पेढ्या घराण्याच्या वा भागीदारीच्या आहेत. त्यांचे हिशेब काही प्रमाणात वहीत, काही ‘टॅली’त, तर काही मुनिमाच्या स्मरणात असतात. व्यवहार विश्वासाने होतो आणि वाद उद्भवला की त्या विश्वासाचा लेखी पुरावा शोधावा लागतो.

वादाचे सर्वसाधारण स्वरूप

उदाहरणादाखल असे समजू की, हळदीच्या एका घाऊक व्यापाऱ्याने आपली पेढी नावलौकिकासह, गोदाम, शिल्लक माल आणि येणी धरून एकरकमी किमतीस विकली. निम्मी रक्कम रोख मिळाली, उरलेली हप्त्यांनी ठरली. सहा महिन्यांत खरेदीदाराच्या लक्षात आले की, येणी म्हणून दाखविलेल्या रकमांपैकी काही विक्रीपूर्वीच वसूल झाल्या होत्या, साठ्याची नोंद फुगविलेली होती आणि विक्रेत्याच्या मुलाने त्याच पेठेत दुसऱ्या नावाने तोच व्यापार सुरू केला आहे. खरेदीदाराने हप्ते थांबविले. विक्रेत्याने बाकी रकमेसाठी दावा लावला आणि खरेदीदाराने फसवणुकीचे कारण दाखवून प्रतिदावा केला.

या वादातील कायद्याचे प्रश्न फारसे अवघड नाहीत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार वस्तुस्थिती हेतुतः लपविणे ही फसवणूक ठरू शकते. कलम १९ नुसार असा करार फसविल्या गेलेल्या पक्षाच्या इच्छेनुसार रद्द होण्यास पात्र असतो. कलम २७ अन्वये व्यापारास बंदी घालणारे करार सर्वसाधारणपणे निरर्थक असले, तरी व्यवसायाचा नावलौकिक विकणाऱ्याने ठरावीक स्थानिक हद्दीत तोच व्यवसाय न करण्याचे दिलेले वचन, ती हद्द वाजवी असल्यास, त्यास अपवाद आहे. अवघड प्रश्न वस्तुस्थितीचा असतो. येणी केव्हा वसूल झाली, साठा किती होता, नव्या दुकानात पैसा कोणाचा आहे, याची उत्तरे खतावणी, साठा नोंदवही, बाजार समितीतील हिशेबपट्ट्या, शीतगृहाच्या पावत्या, वस्तू व सेवा कराची विवरणे आणि बँकेचे उतारे यांतच मिळतात.

प्रकटीकरणाची पद्धत

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ३० आणि ‘आदेश ११’ यांत या कामाची व्यवस्था आहे. वकिलांच्या बोलण्यात ‘डिस्कव्हरी’ म्हणून येते ती हीच. तिचे तीन टप्पे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला टप्पा लेखी प्रश्नावलीचा. न्यायालयाच्या परवानगीने एक पक्ष दुसऱ्यास लेखी प्रश्न देतो आणि दुसऱ्याने त्यांची उत्तरे शपथेवर द्यावयाची असतात. दुसरा टप्पा कागदपत्रांच्या प्रकटीकरणाचा. आपल्या ताब्यात वा अधिकारात असलेल्या, वादाशी संबंधित सर्व कागदपत्रांची यादी प्रतिज्ञापत्रावर द्यावी, असा आदेश नियम १२ अन्वये मागता येतो. तिसरा टप्पा पाहणीचा. यादीतील कागद प्रतिपक्षास पाहू द्यावेत, त्यांच्या नकला घेऊ द्याव्यात, असा आदेश नियम १८ अन्वये होतो.

आदेश मागितला म्हणजे तो मिळतोच असे नाही. दाव्याचा न्याय्य निकाल लागण्यासाठी अथवा खर्च वाचविण्यासाठी प्रकटीकरण आवश्यक नाही असे वाटल्यास न्यायालय अर्ज फेटाळू शकते. तथापि, मागितलेला कागद पुराव्यात ग्राह्य ठरेलच असे आधी सिद्ध करावे लागत नाही. तो वादविषयावर काही प्रकाश टाकणारा असला तरी पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या प्रकरणात स्पष्ट केले. या विचाराचे मूळ इंग्लंडमधील १८८२ च्या ‘पेरुव्हियन ग्वानो’ प्रकरणात सापडते. तोही व्यापारी वादच होता. ज्या कागदामुळे चौकशीचा पुढचा धागा हाती लागू शकतो तो कागदही संबंधित मानावा, असे त्यात ठरले होते.

व्यापाऱ्याची अडचणही संहितेने लक्षात घेतली आहे. रोजच्या वापरातील हिशेबवह्या न्यायालयात आणून ठेवल्यास धंदाच थांबेल. म्हणून अशा वह्यांची पाहणी त्या नेहमी जेथे असतात तेथेच करण्याची तरतूद नियम १७ मध्ये आहे. मूळ वहीऐवजी संबंधित नोंदींची शपथेवर पडताळलेली नक्कल देण्याची मुभा नियम १९ मध्ये आहे. पक्षकार आणि त्याचा वकील यांच्यातील सल्लामसलतीचा पत्रव्यवहार दाखविण्याची सक्ती होत नाही. एखादा कागद असा संरक्षित आहे की नाही याबद्दल वाद झाला, तर न्यायाधीश तो स्वतः पाहून निर्णय देऊ शकतात.

सातारा जिल्ह्याचा जुना धडा

कागद ज्याच्या हाती त्याचीच बाजू बळकट, हा अनुभव या भागाला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुढे तो इतरत्र पसरला आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात असलेल्या कुकरूडपर्यंत त्याचे लोण पोहोचले. या दंग्यांत जमावाचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोखे व कागदपत्रे हस्तगत करून नष्ट करण्यावर होता. ज्या वहीत काय लिहिले आहे हे कुळाला कळत नसे, त्याच वहीच्या जोरावर न्यायालयात त्याच्याविरुद्ध हुकूमनामे होत, हे त्यामागील कारण होते.

या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू करण्यात आला. तासगाव, वाळवा, खानापूर हे आजच्या सांगली जिल्ह्यातील भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशावर एक वेगळेच कर्तव्य टाकले. केवळ रोख्यावरील रकमेवर न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास आणि हिशेब तपासणे त्याला भाग पडले. कुळाला पावती आणि हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन सावकारावर आले. सावकार आणि कुळ यांच्या नात्यापुरता का होईना, ‘वही उघडून दाखवा’ हा दंडक या भूमीत असा रुजला.

आदेश न पाळल्यास

प्रकटीकरणाच्या आदेशामागील मुख्य बळ ‘आदेश ११’ मधील नियम २१ मध्ये आहे. प्रश्नावलीस उत्तर देण्याचा, कागदपत्रांच्या प्रकटीकरणाचा अथवा पाहणीचा आदेश एखाद्या पक्षाने पाळला नाही, तर वादीचा दावा पाठपुराव्याअभावी काढून टाकला जाऊ शकतो आणि प्रतिवादीचा बचाव काढून टाकून त्याने जणू बचाव केलाच नाही अशा स्थितीत त्याला ठेवले जाऊ शकते. असा आदेश आपोआप होत नाही. प्रतिपक्षाने त्यासाठी अर्ज करावा लागतो, नोटीस द्यावी लागते आणि चुकलेल्या पक्षास म्हणणे मांडण्याची वाजवी संधी मिळते.

१९७६ च्या दुरुस्तीने या नियमात उपनियम २ ची भर पडली. या नियमाखाली दावा काढून टाकला गेला, तर त्याच कारणावरून नवा दावा लावण्यास वादीला मनाई झाली. वर दिलेल्या उदाहरणात बाकी हप्त्यांसाठी दावा लावणाऱ्या विक्रेत्याने खतावणी दाखविण्याचा आदेश धाब्यावर बसविला, तर त्याची रक्कम कायद्याने देय असूनही ती मागण्याची वाट बंद होऊ शकते.

याहून सौम्य, पण परिणामकारक उपायही आहेत. आपल्या वादपत्रात वा कैफियतीत उल्लेखिलेला कागद प्रतिपक्षाने नोटीस देऊनही दाखविला नाही, तर पुढे तो कागद स्वतःच्या बाजूने पुराव्यात वापरता येत नाही. न दाखविण्यास पुरेसे कारण होते, असे न्यायालयाला पटवून दिल्यासच हा निर्बंध सुटतो. तारखा लांबविणाऱ्या पक्षावर कलम ३५-ब अन्वये खर्च बसविता येतो आणि तो भरल्याखेरीज त्या पक्षास आपली बाजू पुढे चालविता येत नाही. कलम ३० खाली समन्स काढलेली व्यक्ती, मग ती जुना मुनीम असो वा कर सल्लागार, हजर झाली नाही तर कलम ३२ नुसार अटक वॉरंट, मालमत्तेची जप्ती व विक्री, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तसेच हजेरीसाठी जामीन मागून तो न दिल्यास दिवाणी कारागृह, असे उपाय न्यायालयाच्या हाती आहेत. हा दंड पूर्वी ५०० रुपयांपर्यंतच होता.

प्रतिकूल अनुमान

दावा वा बचाव काढून टाकण्यापर्यंत वेळ न येताही कागद दडविणारा हरू शकतो. जो पुरावा सादर करता आला असता पण केला नाही, तो सादर झाला असता तर दडविणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असे न्यायालय गृहीत धरू शकते. पूर्वीच्या पुरावा अधिनियमातील कलम ११४ चे हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये कायम आहे.

या तत्त्वाचा एक महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातूनच पुढे आला. कल्याणजवळील हाजीमलंग दर्ग्याच्या व्यवस्थेशी संबंधित गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ या प्रकरणात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्यावर नाही अशा पक्षानेही आपल्याकडील महत्त्वाचा पुरावा रोखून धरला, तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते. ‘सिद्ध करणे वादीचे काम आहे, मी वही का दाखवू,’ हा पेठेत नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद या निवाड्यामुळे फारसा टिकत नाही.

दंडाची मर्यादा

इतका कठोर अधिकार न्यायालयांनी सहजासहजी वापरू नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. बब्बर स्युइंग मशीन कंपनी विरुद्ध त्रिलोकनाथ महाजन या १९७८ च्या निवाड्यात प्रतिवादी कंपनीचा बचाव काढून टाकण्याचा आदेश रद्द झाला. चूक हेतुपुरस्सर होती काय, ही खरी कसोटी असल्याचे त्यात सांगण्यात आले. हट्टाने केलेली अवज्ञा अथवा आदेश टाळण्याचा जाणूनबुजून केलेला प्रयत्न दिसत असेल, आणि अन्य उपाय उरला नसेल, तरच नियम २१ चा आधार घ्यावा, असा या निवाड्याचा आशय आहे. तेव्हापासून देशभरातील न्यायालये याच कसोटीवर असे अर्ज तपासतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की, न्यायाधीश प्रथम मुदत देतात, मग खर्चासह मुदत देतात आणि त्यानंतर ‘अमुक तारखेपर्यंत पूर्तता न झाल्यास बचाव काढून टाकला जाईल’ असा सशर्त आदेश करतात. इंग्लंडमधील न्यायालयेही अशाच सशर्त आदेशांचा वापर करतात. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दिवाणी प्रक्रियेच्या नियम ३७ खाली वकिलांच्या खर्चापासून थेट एकतर्फी निकालापर्यंतची उतरंड लिहूनच ठेवलेली आहे. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच दिसते. पक्षाला आपली चूक सुधारण्याची संधी द्यावयाची, परंतु ती अमर्याद असू द्यावयाची नाही.

बचाव काढून टाकला गेला म्हणजे प्रतिपक्षाला लगेच हुकूमनामा मिळतो, हाही गैरसमज आहे. वादीला आपली बाजू पुराव्याने सिद्ध करावीच लागते. बचाव गमावलेल्या भाडेकरूविषयी मोड्युला इंडिया विरुद्ध कामाख्या सिंग देव या १९८८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही स्थिती स्पष्ट केली. असा प्रतिवादी वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ शकतो आणि वादीच्या बाजूतील उणिवा दाखवू शकतो, मात्र स्वतःची वेगळी कहाणी मांडून तिचा पुरावा देऊ शकत नाही. व्यवसायविक्रीच्या वादात ही मर्यादा फार जाचक ठरते, कारण ‘साठा पूर्ण होता’ किंवा ‘खरेदीदाराला सर्व ठाऊक होते’ ही कहाणी सांगावयाची असते ती प्रतिवादीलाच.

व्यावसायिक न्यायालयांचा कडक नियम

२०१५ च्या व्यावसायिक न्यायालये अधिनियमाने चित्र पुष्कळ बदलले. आरंभी एक कोटी रुपयांच्या वादांपुरता असलेला हा कायदा २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाख रुपये व त्यावरील वादांना लागू झाला. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचे मध्यम व्यापारी त्याच्या कक्षेत आले. अर्थात व्यवसायविक्रीचा प्रत्येक करार या कायद्यातील ‘व्यावसायिक वाद’ ठरतोच असे नाही. भागीदारी, भागधारकांचे करार, मालाची विक्री, व्यापारासाठीच वापरली जाणारी स्थावर मिळकत अशा वर्गवारीत तो बसतो की नाही, हे पाहावे लागते. तातडीचा दिलासा मागावयाचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग चोखाळणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात ठरविले.

या न्यायालयांसाठी ‘आदेश ११’ नव्याने लिहिण्यात आला आहे. येथे प्रतिपक्षाच्या अर्जाची वाट पाहावी लागत नाही. वादीने वादपत्रासोबत आणि प्रतिवादीने कैफियतीसोबत आपल्याकडील सर्व संबंधित कागदपत्रांची यादी व प्रती, शपथेवरील कथनासह, स्वतःहून द्यावयाच्या असतात. आपल्या विरुद्ध जाणारे कागदही त्यात येतात. हे कर्तव्य दाव्याचा निकाल लागेपर्यंत चालू राहते. वादीने न दिलेला कागद पुढे वापरावयाचा तर वाजवी कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते. कैफियत दाखल झाल्यापासून ३० दिवसांत पाहणी पूर्ण व्हावी आणि न्यायालयाने फार तर आणखी ३० दिवस द्यावेत, अशी मुदत आहे. जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने कागद न देणाऱ्यावर, किंवा विनाकारण पाहणी नाकारणाऱ्यावर, जरब बसेल असा खर्च लादण्याचा अधिकार न्यायालयास आहे.

संगणकातील नोंदींनाही हे सर्व लागू पडते. मोबाइलवरील संदेश, ई-मेल आणि हिशेबाच्या फायली हे आता दस्तऐवजच आहेत. त्या पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या वर्षापासून, हिशेबात केलेल्या प्रत्येक बदलाची खूण राखणारीच संगणकप्रणाली वापरण्याचे बंधन आहे. त्यामुळे विक्रीच्या आदल्या आठवड्यात साठ्याचा आकडा कोणी बदलला, हे शोधणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

लवादापुढेही सुटका नाही

अनेक विक्रीकरारांत वाद लवादाकडे सोपविण्याचे कलम असते आणि लवादाला न्यायालयासारखे अधिकार नाहीत, असा काहींचा समज असतो. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या डेल्टा डिस्टिलरीज विरुद्ध युनायटेड स्पिरिट्स या २०१३ च्या प्रकरणाने तो दूर केला. मद्यनिर्मिती क्षेत्रातील या दोन कंपन्यांच्या वादात विक्रीकर आकारणीचे कागद सादर करण्यास एका पक्षाने नकार दिला होता. लवाद कायदा, १९९६ च्या कलम २७ खाली लवाद न्यायालयाची मदत घेऊ शकतो आणि त्या कलमातील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत खुद्द पक्षकारही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. लवादाची अवज्ञा करणारा या मार्गाने न्यायालयीन दंडाच्या कक्षेत येतो.

व्यवसायविक्री, दडविलेले कागद आणि न्यायालयाची अवज्ञा या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात त्या रॅनबॅक्सीच्या प्रकरणात. २००८ साली जपानच्या दाइची सांक्यो कंपनीने मलविंदर व शिविंदर सिंग या बंधूंच्या घराण्याकडून रॅनबॅक्सी या औषधकंपनीतील नियंत्रक हिस्सा घेतला. अमेरिकी यंत्रणांच्या चौकशीविषयीची माहिती व एक महत्त्वाचा अंतर्गत अहवाल विक्रीच्या वेळी लपविण्यात आला, ही खरेदीदाराची तक्रार होती. सिंगापूर येथील लवादाने २०१६ मध्ये बहुमताने सुमारे २,५६२ कोटी रुपयांची नुकसानभरपाई मंजूर केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या वसुलीचा मार्ग मोकळा केला. पुढे वसुलीच्या काळात मालमत्तेविषयीचे आदेश मोडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने या बंधूंना २०१९ मध्ये अवमानाबद्दल दोषी ठरविले आणि २०२२ मध्ये सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली.

फौजदारी परिणाम

आदेशाला उत्तर म्हणून खोटे प्रतिज्ञापत्र देणे हे गप्प बसण्याहून गंभीर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार न्यायालयीन कामकाजात खोटा पुरावा देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. पुराव्यात येऊ नये म्हणून दस्तऐवज नष्ट करणाऱ्यास कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. जुन्या दंडसंहितेत ती दोन वर्षांची होती. अशा खटल्याची सुरुवात सर्वसाधारणपणे संबंधित न्यायालयाच्या तक्रारीनेच होते, त्यामुळे प्रतिपक्षाने आधी त्या न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो.

याखेरीज महत्त्वाचा कागद दडवून मिळविलेला हुकूमनामा कायम राहीलच याची शाश्वती नसते. एस. पी. चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ या १९९३ च्या निवाड्यात, निर्णायक दस्तऐवज लपवून मिळविलेला हुकूमनामा न्यायालयाशी केलेली लबाडी ठरतो आणि तो निरर्थक असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

पुरात गेलेल्या वह्या

सांगलीच्या संदर्भात एका प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहरातील दुकाने व घरे पाण्याखाली गेली. हळद साठविण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हरिपूरच्या पेवांनाही २००५ च्या पुराचा तडाखा बसला. ज्या व्यापाऱ्याच्या वह्या खरोखरच पाण्यात गेल्या, त्याने प्रकटीकरणाचा आदेश कसा पाळावयाचा?

संहितेतील प्रतिज्ञापत्राचा नमुना याचे उत्तर देतो. त्यात पहिल्या परिशिष्टात ताब्यातील कागद लिहावयाचे असतात, तर दुसऱ्या परिशिष्टात पूर्वी ताब्यात असलेले पण आता नसलेले. ते शेवटचे केव्हा ताब्यात होते, त्यांचे काय झाले आणि आता ते कोणाकडे आहेत, हेही शपथेवर सांगावे लागते. कोणत्या वर्षाच्या वह्या, कोणत्या ठिकाणी होत्या, पाणी किती चढले, पंचनामा वा विम्याचा दावा झाला होता काय, असा तपशील देणाऱ्याकडे हेतुपुरस्सर अवज्ञा दिसत नाही आणि त्याचा बचाव काढून टाकण्याची शक्यता कमी असते. उलट ‘कागद उपलब्ध नाहीत’ एवढेच मोघम लिहिणाऱ्याविषयी संशय बळावतो. त्यातून बँकेचे उतारे, कर विवरणे, बाजार समितीच्या नोंदी वा शीतगृहाची नोंदवही अन्यत्र सुरक्षित असेल आणि त्यांत वेगळेच चित्र दिसले, तर पुराचे कारणच त्याच्यावर उलटते. मूळ कागद नष्ट झाल्याचे सिद्ध झाल्यास दुय्यम पुरावा देता येतो, ही सोयही प्रामाणिक पक्षाच्या कामी येते.

दाद कोठे मागावी

नियम २१ खाली दावा वा बचाव काढून टाकण्याच्या आदेशाविरुद्ध ‘आदेश ४३’ अन्वये अपील करता येते. अपिलात पक्षकाराने मुख्यतः दोन गोष्टी दाखवावयाच्या असतात. आपली चूक जाणूनबुजून केलेली नव्हती, आणि संधी मिळाली तेव्हा पूर्ततेचा खरा प्रयत्न केला होता. तारखांचा रोजनामा येथे फार बोलका ठरतो, कारण प्रत्येक तारखेस कोणी काय सांगितले आणि कोणी मुदत मागितली हे त्यात नोंदलेले असते.

सातारा व सांगलीच्या पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबईची वाट धरावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ सुरू झाले असून, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे अंतराचे व खर्चाचे ओझे कमी झाले असले, तरी खालच्या न्यायालयातील हलगर्जीपणा वर भरून काढता येईल, अशी आशा धरणे शहाणपणाचे नाही.

व्यापाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

विक्रीच्या वेळीच कोणत्या वह्या, कोणत्या तारखेपर्यंतच्या, कोणाच्या ताब्यात राहतील आणि दुसऱ्यास त्या केव्हा पाहता येतील, हे करारात लिहून दोघांनी सही केल्यास पुढचे अनेक अर्ज टळतात. वाद उद्भवल्याची पहिली नोटीस येताच वह्या, संगणकातील फायली आणि मोबाइलवरील संदेश जसेच्या तसे जपून ठेवावेत. आदेश मान्य नसेल तर त्यास वेळेत आव्हान द्यावे वा मुदत मागावी, पण तो कपाटात ठेवून देऊ नये. जो कागद नाही तो का नाही हे सविस्तर लिहावे, आणि जो आहे तो आपल्या विरुद्ध जाणारा असला तरी यादीत दाखवावा. विरुद्ध जाणाऱ्या एका नोंदीचा खुलासा साक्षीत करता येतो. बचाव काढून टाकला गेल्यावर मात्र तो खुलासा करण्याची संधीच उरत नाही.